नऊ मंत्र्यांनी पाहिलेला पूल

मंत्री बदलला की पूल खात्यात तीन गोष्टी हमखास होतात. दारावरची पाटी बदलते, दालनातले पडदे बदलतात आणि टिपणबाईंना रविवारी कामावर यावं लागतं. पाटीवाला आता शहाणा झाला आहे. पूर्वी तो नाव रंगवून द्यायचा, आता त्याने सुटी अक्षरं करून ठेवली आहेत. जुनी काढायची, नवी बसवायची. मागच्या खेपेला तर त्याने दोन अक्षरं जागची हलवलीच नाहीत, कारण नव्या साहेबांच्या नावातही ती होती.

टिपणबाई म्हणजे खात्याच्या टिपण शाखेतल्या मुख्य लिपिक. खरं नाव सेवापुस्तकात असेल, पण तीस वर्षांत ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं. खातं काय करतं, कुठे काय अडलं आहे, हे नव्या मंत्र्याला एका पानात सांगायचं हे त्यांचं काम. एकच पान, कारण तिसऱ्या मंत्र्यांनी दोन पानी टिपण हातात धरून "ही कादंबरी कुणी मागवली?" असं विचारलं होतं. बारा वर्षांत नऊ मंत्री येऊन गेले होते आणि सोमवारी दहावे यायचे होते. बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

नऊही जण वाईट होते असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. एकांना उद्घाटनाची इतकी हौस की त्यांनी एका पुलाचं दोन्ही टोकांकडून वेगवेगळ्या दिवशी उद्घाटन केलं. एक बैठकीत डोळे मिटून बसायचे, त्याला चिंतन म्हणायचा हुकूम होता. एकांना शेवटपर्यंत पूल खातं आणि बंदर खातं यांतला फरक कळला नाही, आणि तो सांगायची कुणाची छाती झाली नाही. नळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला आपण विचारतो, बाबा रे, तुला हे येतं ना? खातं चालवायला येणाऱ्याला ते कुणीच विचारत नाही. तो कुणाचा माणूस आहे एवढंच विचारतात. बाईंना याचा पूर्वी संताप यायचा. आता नुसता कंटाळा यायचा, आणि संतापापेक्षा कंटाळा जास्त दमवतो.

रविवारी दुपारी रिकाम्या शाखेत बसून बाईंनी नेहमीची यादी काढली. वर फीत कापायची कामं, मग छायाचित्राजोगी कामं, मग उरलेली. सगळ्यात खाली, नवव्या क्रमांकावर, नदीवरचा लोखंडी पादचारी पूल. बारा वर्षांपूर्वी अभियंत्यांनी लिहून दिलं होतं की हा पूल फार तर पाच वर्षं टिकेल, पाडून नवा बांधावा. पाच वर्षं केव्हाच उलटली. खात्याने आपणहून एकच गोष्ट केली होती. पुलाच्या तोंडाशी सिमेंटचा ठोकळा ठेवून त्यावर पाटी लावली होती, "पूल धोकादायक आहे. स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा." लोक ठोकळ्याला वळसा घालून पूल वापरत होते.

त्या लोकांत बाईंची नणंद होती.

बाईंचा नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. नणंद पलीकडच्या काठावरच्या रुग्णालयात परिचारिका. सकाळी सहाची पाळी, म्हणून साडेपाचला पूल ओलांडायची. मोठ्या पुलावरून जायचं तर अकरा किलोमीटरचा फेरा आणि दोन बस. "वहिनी, तुझ्या खात्याला सांग गं," हे वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाली होती की ते आता चहा झाला का विचारल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा तिच्या पायात रुग्णालयाच्या रबरी चपला होत्या आणि डाव्या नडगीला गुडघ्यापर्यंत पट्टी.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"तुझ्या पुलाने बूट मागितला, दिला." नणंद खुर्चीत बसली आणि हसली. "मधला पत्रा गेला. पाय गुडघ्यापर्यंत आत. बूट गेला खाली. एक वर राहिलाय, तो तुझ्या मंत्र्याला भेट दे."

"आणि तू?"

"मी काय, कठड्याला धरून बाहेर आले. गेले कामावर. धनुर्वाताचं इंजेक्शन माझं मीच घेतलं. आमच्याकडे रांग नसते ना पहाटे."

"अगं, हसतेस काय?"

"मग काय करू? रडायला गेले असते तर पाळीला उशीर झाला असता."

बाईंना पट्टीवर हात ठेवावासा वाटला, पण नणंदेला लाड करून घ्यायची सवय नव्हती आणि बाईंना करायची. त्यांनी चहा टाकला. साखर दोनदा घातली गेली, आणि नणंदेने तो मुकाट्याने प्यायला.

म्हणून रविवारी बाईंनी पुलाची फाईल कपाटातून काढली. यादीत नाव घालायला फाईल उघडावी लागत नसे, त्यामुळे ती उघडून बरीच वर्षं झाली होती. आतल्या कागदांवर एकाखाली एक नऊ मंत्र्यांच्या नऊ सह्या होत्या आणि प्रत्येक सहीच्या वर एकच शब्द होता. "पाहिले."

आणि त्या प्रत्येकाच्या वर बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "माहितीसाठी सादर."

बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. हे त्यांचंच कर्तृत्व होतं. पहिल्या मंत्र्यांकडे त्यांनी ही फाईल आधी "निर्णयासाठी सादर" असं लिहून पाठवली होती. ती सात महिने तिकडे राहिली आणि "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत आली. कुणी, कुणाशी, ते लिहिलं नव्हतं. निर्णय म्हटलं की साहेब लोक दचकतात, हे तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. मग त्यांनी युक्ती केली. निर्णयाच्या जागी माहिती लिहिलं. फाईल चार दिवसांत सही होऊन परत! संचालक साहेब इतके खूश झाले की त्यांनी ती पद्धत सगळ्या शाखांना लावून दिली. फायली भराभर हलू लागल्या, खात्यात काहीही तुंबून राहीना, आणि त्या वर्षी बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून खालच्या खणात होतं.

फायली हलल्या, पूल तिथेच राहिला. नऊ जणांना माहिती दिली गेली होती आणि एकालाही काही विचारलं गेलं नव्हतं. बाईंना लाज वाटली. सरकारला शिव्या घालत त्यांनी बारा वर्षं काढली होती आणि सरकार हे असं बिनबोभाट झोपवून ठेवण्याची गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने करून दिली होती.

त्यांनी नवं पान घेतलं. पूल पहिल्या क्रमांकावर घातला आणि खाली लिहिलं, "निर्णयासाठी सादर." अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

सोमवारी सकाळी संचालक साहेबांनी ते पान वाचलं आणि चष्मा काढला. संचालक साहेब भले गृहस्थ होते. नऊ मंत्र्यांखाली टिकून राहायचं तर माणसाला भलं असण्यावाचून फारसं काही होता येत नाही.

"बाई, हे काय नवीन?"

"जुनंच आहे साहेब. मध्ये आपण विसरलो होतो."

"पहिल्याच दिवशी निर्णय मागायचा? बिचारा घाबरेल. आणि बिघडलं तर खापर आपल्या डोक्यावर."

"साहेब, घरातल्या माणसाचा पाय गेला असता."

संचालक साहेबांनी चष्मा परत घातला. "मी हे पान वाचलं नाही असं समजा," ते म्हणाले. त्यांच्या परीने ती परवानगीच होती.

दहावे मंत्री दातांचे डॉक्टर निघाले. पक्षात कुणाचं तरी कुणाशी फिसकटलं आणि तडजोड म्हणून यांचं नाव आलं, असं पडदे बदलणारे सांगत होते. माणूस घाबरलेला होता, पण पान त्याने पूर्ण वाचलं. मग फाईल मागवली आणि तीही वाचली. खात्यात असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे वाचून होईपर्यंत उभं राहायचं की बसायचं हे कुणालाच कळेना.

"नऊ जणांनी पाहिले," मंत्री म्हणाले. "पुढे काय?"

"पुढे आपण, साहेब," संचालक साहेब म्हणाले.

"दात हलतोय हे मी रोज नुसतं पाहत बसलो तर पेशंट मला मारेल. काढायचा का ठेवायचा, ते सांगावं लागतं ना? हे कुणी सांगायचं असतं?"

 अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपणच सांगायचं असतं," बाई म्हणाल्या.

"मी? हे खातं आहे हेच मला शनिवारी कळलं हो." ते खिन्नपणे हसले. "कुणी काही शिकवतं का इथे? कुठे लिहायचं, काय लिहायचं?"

उपसचिवांनी पुटपुटत सांगितलं की मंजुरीचा एक शिक्का असायचा. शिक्का शोधायला दोघं धावले. "पाहिले"चे शिक्के पाच सापडले, "मंजूर"चा एकही नाही. नवा करून घ्यायचा तर त्याला मंजुरी लागणार होती. शेवटी बाईच म्हणाल्या, "साहेब, हाताने लिहिलेलं चालतं. पूर्वी तसंच लिहायचे."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि औषध लिहून द्यावं तसं लिहिलं, "मंजूर. जुना पूल पाडावा, नवा बांधावा." खाली सही केली. सही वाचता येत नव्हती, पण ते डॉक्टरच होते.

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या त्या चपला न काढताच आत गेल्या. "झाला मंजूर!"

नणंदेला आधी खरंच वाटेना. मग तिने उरलेला एक बूट कोपऱ्यातून उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "पाळीवर सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "माझ्या वहिनीने केला म्हणून सांगते." इतक्या वर्षांत ती वहिनीबद्दल असं कधी बोलली नव्हती. बाईंना त्या रात्री गाढ झोप लागली.

फाईल खाली गेली. आठवडा गेला, तीन गेले, सहा गेले. नणंद रोज साडेपाचला पूल ओलांडत होती आणि फुटलेल्या पत्र्यावर कुणीतरी टाकलेल्या फळीवरून जात होती. "वहिनी, मुहूर्त कधी आहे?" ती सुरुवातीला गमतीने विचारायची. पाचव्या आठवड्यात विचारेनाशी झाली. तेच बाईंना जास्त लागलं.

सातव्या आठवड्यात फाईल बाईंच्या टेबलावर परत आली. वर डॉक्टरांचं "मंजूर" होतं. त्याखाली संचालक साहेबांची सही, "पाहिले." मुख्य अभियंता, "पाहिले." अधीक्षक अभियंता, "पाहिले." अशा सात सह्या होत्या, त्यातली सगळ्यात खालची नदीकाठच्या उपविभागाच्या अभियंत्याची, "पाहिले. परत सादर." मंत्र्याचा हुकूम सात माणसांनी वाचून, सही करून, व्यवस्थित परत पाठवला होता. कुणी आडकाठी केली नव्हती. कुणी काहीच केलं नव्हतं.

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फाईल पिशवीत घातली आणि बस धरली. फाईल कार्यालयाबाहेर नेणं हा गुन्हा होता. तीस वर्षांतला त्यांचा पहिलाच, त्यामुळे सगळी बस आपल्या पिशवीकडे बघते आहे असं त्यांना वाटत राहिलं.

उपविभागाचं कार्यालय पुलापासून दोनशे पावलांवर होतं. खिडकीतून पूल दिसत होता. अभियंता पस्तिशीचा, केस आत्ताच विरळ झालेला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"वर काय लिहिलंय, वाचलंत?"

त्याने वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "बाई, खरं सांगू? मला वाटलं माहितीसाठी आहे. अकरा वर्षं नोकरी झाली माझी. वरून आलेली प्रत्येक फाईल माहितीसाठीच असते. आम्ही पाहिले लिहितो आणि परत पाठवतो. आम्हाला शिकवलंच तसं."

त्याला फैलावर घ्यायचं ठरवून बाई आल्या होत्या. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. पण कुणी शिकवलं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? "चला," त्या एवढंच म्हणाल्या, "पुलावर चला."

दोघं सिमेंटच्या ठोकळ्याशी येऊन उभे राहिले. अभियंत्याने ठोकळ्यावर फाईल उघडली आणि कोरा कागद घेतला. "आदेश काढायला लागेल," तो म्हणाला. "कसा लिहायचा?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही येत नाही. तीस वर्षं त्यांनी सादर केलं होतं, विनंती केली होती, अवगत केलं होतं. अमुक माणसाने अमुक करावं, असं साधं वाक्य लिहायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. "उपरोक्त विषयास अनुसरून," त्या म्हणाल्या, आणि तिथेच अडल्या. अभियंत्याने तेवढं लिहून घेतलं. दोघंही त्या ओळीकडे बघत बसले.

पलीकडून नणंद येत होती. तिची पाळी दोनला सुटायची. फळीवर पाय टाकताना तिने कठडा धरला. ती अलीकडे आली तेव्हा दोघांना असं अडून उभं बघून थबकली.

"वहिनी? तू इथे? काय चाललंय?"

बाईंनी सांगितलं. ऐकता ऐकता नणंदेने कपाळाला हात लावला.

"अहो, आम्ही वॉर्डात दिवसाला पन्नास वेळा लिहितो," ती अभियंत्याला म्हणाली. "काय करायचं, कुणी करायचं, किती वाजता. संपलं. नाहीतर रोगी मरतो. घ्या पेन. उद्या सकाळी आठ वाजता पूल बंद करून पाडायला सुरुवात करावी. लिहिलं? आता कुणी करायची, त्याचं नाव लिहा."

अभियंत्याचं पेन थांबलं. "नाव?"

"मग? खाटेच्या नावाने औषध देता येतं का?"

त्याने स्वतःचं नाव लिहिलं. खाली सही केली. "लोक बोंब मारतील हो," तो हळूच म्हणाला. "नवा बांधून होईपर्यंत दोन वर्षं सहज. रोज चारशे माणसं जातात इथून."

"मारू द्या. सगळ्यात आधी मीच मारीन," नणंद म्हणाली. मग ती बाईंकडे वळली. "म्हणजे उद्यापासून दोन बस. सव्वाचारला उठावं लागणार, वहिनी." हे ती तक्रारीने म्हणाली नाही. पण ती ठोकळ्यावर टेकली आणि दुखरा पाय चोळत बसली, तेव्हा ती किती थकली आहे ते बाईंना दिसलं. इतकी वर्षं ती हेच काम करत होती आणि तिला कुणी प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

"मीही उठीन," बाई म्हणाल्या. "डबा मी करीन."

"साखर बघून घाल म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला दोघी उठल्या. नणंद अंधारातच बसला गेली. बाई आठला पुलावर पोचल्या. अभियंता आला होता, चार कामगार होते, लोखंड कापायचं यंत्र होतं. ठोकळ्यापुढे पत्र्याचं कुंपण उभं राहिलं होतं आणि अडवलेली माणसं खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बाईंनी सगळं निमूट ऐकून घेतलं. त्यातलं बरंचसं त्यांना पटत होतं.

सव्वाआठला बाईंचा फोन वाजला. संचालक साहेब होते.

"बाई, सकाळच्या बातम्या ऐकल्यात? सरकार गेलं. आपले डॉक्टर गेले. परवा नवीन येताहेत. टिपण लागेल."

अभियंत्याने ते ऐकलं असावं. कामगाराला हाताने थांबवून तो जवळ आला. "बाई, नवीन साहेब येणार? मग थांबू का? त्यांना विचारून..."

त्याच्यामागे पुलाच्या कठड्याला पहिली खाच पडली होती. बोटभरच, पण आरपार. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नणंद आत्ता वॉर्डात असेल, दोन बस बदलून, दुखऱ्या पायाने.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "साहेबांना मी कळवते."

"बाई?" फोनमधून संचालक साहेब विचारत होते. "पूल कितव्या क्रमांकावर घेताय? आणि हे बघा, या खेपेला निर्णय वगैरे नको हं."

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "पूल पाडायला घेतलाय. आता माहितीसाठीच सादर करते."

 कामगाराने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना, म्हणून बाईंनी फोन ठेवला.